सातची गाडी गेल्यावर

“आई, साडेनवाला पाहुणे मला बघायला येताहेत,” रविना केस पुसता पुसता म्हणाली, “आणि जमीन बघ. काय सांगू त्यांना? आमच्याकडं नाशकाहून फोन आल्यावर केर काढतात?”

पुष्पलतेने केरसुणी दारामागे आणखी आत सरकवली. संदीप, तिचा थोरला, नुकताच पायरी उतरून जव्हारच्या आगाराकडे गेला होता. सातची नाशिक गाडी, दुपारी परीक्षा. पोचला की तो कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करणार होता. तोवर केरसुणीला हात लागायचा नव्हता.

एरवी हे घर तिने लहानसहान सवयींवर तोलून धरले होते. सासू, दोन मुले, खोडाळ्याहून शिकायला आलेले दिराचे दोघे, शिवाय बाजाराच्या दिवशी ओट्यावर गाववाल्यांच्या चपलांची रास. दोन खोल्यांत इतकी माणसे मावायची, तर वस्तूंनी अंग चोरून राहायला हवे. एका खोलीतून दुसरीत जाणारा हात रिकामा जायचा नाही. उठणाऱ्याने अंथरुणाची घडी घालूनच उठायचे. ज्याने पेला तोंडाला लावला, त्यानेच तो विसळायचा. केर तेवढा संध्याकाळची वाट बघत पडून असायचा. शेवटचा माणूस परतल्यानंतर आणि दिवा लागण्यापूर्वी जी अरुंद फट उरते, तेवढीच त्याची.

सहा वर्षांपूर्वी असे नव्हते. त्या सकाळी तिचा नवरा हरेश मोखाड्याच्या शाळेवर शिकवायला निघाला. निघालेल्या माणसाच्या पाठीवर केर काढू नये, तसा तो प्रेत उचलल्यावर काढतात, हे तिला का ठाऊक नव्हते? पण हात सवयीचे. मोटारसायकल वळणाआड जायच्या आत तिने केर दारापर्यंत आणला होता. घाटात समोरून ट्रक आला. दुपारी हरेशला घरी आणले तेव्हा जमीन स्वच्छ होती. जमलेल्या बायकांना बसण्यासाठी कुणाला झाडावे लागले नाही.

तिला कुणीच बोल लावला नाही. सासूनेही नाही. गौराबाईच्या त्या न बोलण्यातच पुष्पलतेने आपला निकाल वाचला होता.

आतल्या खाटेवरून गौराबाई उठून आली. “काढ गं केर. पोरीचं सोयरं यायचंय.”

“नको, आत्या. फोन येऊ दे.”

“फोनवाला नवाला तर दात घासाया बसतो! त्याच्या भरवशावर पोरगी उजवशील?”

रविना हसली. पुष्पलता हसली नाही. म्हातारीने नातीला आत पिटाळले, “जा, पावडर लाव,” आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली.

“तुला वाटतं, तू केर काढलास म्हणून तो गेला.”

पुष्पलतेने मान खाली घातली.

“त्या दिशी ओटा मी झाडला व्हता. तुझ्या आधी. त्यानं गाडीला लाथ बी मारली नव्हती, पोराच्या पायाखालून झाडला मी. आन् सहा वर्सं तुझ्या तोंडाकडं बघत गप ऱ्हायले. पाप माझं हाय, बाय. तुझं नाय.”

बाहेर कुणाचा तरी कोंबडा अवेळी आरवला. पुष्पलतेला तो आठवडा नीट आठवत होता. विहिरीवर घसरून गौराबाईचा उजवा हात मोडला होता, कोपरापर्यंत प्लास्टर होते. तिला भरवायचे, तिची वेणी घालायची, सगळे पुष्पलताच करी. त्या सकाळी म्हातारी खाटेवरून उतरलीसुद्धा नव्हती. हरेशच निघताना वाकून तिच्या पाया पडला होता.

तिने वर पाहिले. सासूची नजर हलली नाही. आपल्या पोटच्या पोराचे मरण ही बाई दोन्ही हातांनी ओढून स्वतःकडे घेत होती.

ते खोटे आहे, एवढेच म्हणायचे होते. पुष्पलतेच्या ओठांपर्यंत आले, आणि तिने ते गिळले.

“व्हय का, आत्या,” ती म्हणाली.

“व्हय.”

गौराबाईने दारामागची केरसुणी घेतली आणि भिंतीपासून झाडायला बसली. कंबर सरळ होत नव्हती म्हणून उकिडवीच ती पुढे सरकत होती, कोपरे धरत, खाटेखालून, मुलांच्या दप्तरांभोवतून. धूळ उन्हात उभी राहिली. केरसुणी पुष्पलतेपाशी येऊन थांबली.

पुष्पलतेने एक पाय उचलला. मग दुसरा.