शत्रू पाहिजे

त्या ख्रिस्ती मंडळीची रीतच जगावेगळी होती. रविवारची उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कानात शास्त्रातलं एकेक वचन सांगत. ते घरी न्यायचं, त्यावर मनन करायचं आणि मुख्य म्हणजे वापरायचं. वापरून झालं की नवं मिळे. न वापरता कोणी परत आला तर पाळकसाहेब नुसती मान हलवत आणि तेच वचन पुन्हा कानात सांगत. बेकरीवालीला रोजच्या भाकरीचं वचन मिळालं तेव्हा तिने ते सोमवारी सकाळीच संपवलं, आणि त्यावरून बरीच कुजबुज झाली. गवंड्याला खडकावर घर बांधण्याचं मिळालं होतं. तो अजून पाया खणत होता, पण त्याला कोणी काही बोलत नसे.

चष्मेवाल्याच्या वाट्याला शत्रूवर प्रेम करण्याचं वचन आलं आणि गाडी अडली. त्याला शत्रूच नव्हता.

तसा तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यामागून आलेले लोक वचनांवर वचनं संपवून मोकळे झाले, आणि हा आपला तिथल्या तिथे. त्यात येत्या रविवारी वर्षातली मोठी उपासना होती आणि व्यासपीठावरून शास्त्र वाचायचा मान यंदा त्याचा होता. या मानाची त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती. आरशासमोर घसा खाकरण्याचा सराव सुद्धा झाला होता. पण हातातलं वचन संपल्याशिवाय वाचन नाही, असं पाळकसाहेबांनी गोड आवाजात सांगून टाकलं.

"अगं, माझा कोणी शत्रू आहे का?" त्याने जेवताना बायकोला विचारलं.

"तुमचा?" ती भाजी वाढता वाढता थांबली. "तुमच्याशी भांडायला आलेला माणूस मध्येच झोपून जाईल."

"एखादा लांबचा नातेवाईक तरी?"

"थांबा, माझ्या भावाला विचारते. तो रिकामाच असतो."

मेहुणा भारी हौशी. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि टेबलावर मूठ आपटून ओरडला, "दाजी, तुम्ही नालायक आहात!" मग लगेच वाकून हळूच विचारलं, "फार लागलं का?" चष्मेवाल्याने त्याच्यावर मन लावून प्रेम करून पाहिलं. पण ते प्रेम सगळं जुनंच होतं, नव्याने काही झालं नाही. मेहुणा जेवायला थांबला आणि त्याने दोनदा वाढून घेतलं.

मग चष्मेवाल्याने मनाचा हिय्या केला आणि जन्मातली पहिली लबाडी केली. एका तिरसट मास्तरीणबाईंना मुद्दाम चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. आता बाई येणार, चारचौघांत आपली अब्रू काढणार, या आशेने तो दाराकडे डोळे लावून बसला. बाई आल्या त्या लाजतच. "काय चष्मा दिलात हो," त्या म्हणाल्या. "आमचे हे इतके देखणे आहेत हे मला माहीतच नव्हतं." जाताना दोन मैत्रिणींना पाठवते म्हणाल्या.

शनिवार उजाडला तेव्हा तो अगदी रडकुंडीला आला होता. शेवटी तो शेजारच्या दुकानात शिरला. तिथला किल्लीवाला त्याच मंडळीतला. दोन दुकानांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. किल्लीवाला मान खाली घालून कानशीने किल्ली घासत होता.

"एक विनंती होती," चष्मेवाला म्हणाला. "फक्त आजच्या दिवसापुरती. माझे शत्रू व्हाल का?"

किल्लीवाल्याने हात थांबवला नाही. "ती जागा भरलेली आहे."

"हो? कोण आहे?" चष्मेवाल्याचा चेहरा उजळला.

"मीच. पाच वर्षं झाली."

चष्मेवाल्याला आधी आनंदच झाला, हे सांगितलंच पाहिजे. मग त्या शब्दांचा अर्थ लागला.

"पण मी काय केलं?"

"सकाळी दुकान उघडलं की तुम्ही मननाला बसता. डोळे मिटून. कोणी आलं की हात वर करता, थांबा म्हणून."

"अहो, ते प्रभूसाठी..."

"माझी आई आमच्या मागच्या खोलीत शेवटच्या घटका मोजत होती. एकट्याने बघवेना, म्हणून मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही हात वर केलात. मी थांबलो. थांबून परत गेलो तेव्हा ती गेलेली होती."

चष्मेवाल्याला ती सकाळ काही केल्या आठवेना. आठवलं ते एवढंच, की अंत्यविधीत गीताला सुरुवात त्यानेच करून दिली होती आणि लोकांनी आवाजाचं कौतुक केलं होतं.

"त्याच रविवारी पाळकसाहेबांनी माझ्या कानात शत्रूवर प्रेम करण्याचं वचन सांगितलं," किल्लीवाला म्हणाला. "तेव्हापासून माझ्याकडे तेच आहे. रोज या भिंतीला पाठ टेकून तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तुमची गिऱ्हाइकं वाढावीत म्हणून मागतो. ती वाढली. मग त्याचाही राग येतो."

"मला माफ करा."

"केलं की. रोज सकाळी करतो. दुपारपर्यंत टिकत नाही."

"मग मी काय करू?"

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "त्या सकाळी जे सांगायला आलो होतो, ते अजून सांगायचं राहिलंय."

हे ऐकून घेतलं तर दोघांचीही वचनं संध्याकाळपर्यंत संपतील आणि उद्या वाचायला मिळेल, असं चष्मेवाल्याच्या मनात येऊन गेलं. ते त्याच्या तोंडावर उमटलं असावं.

"उद्याचं काही खरं नाही," किल्लीवाला म्हणाला. "बरंच साचलंय."

चष्मेवाला स्टुलावर बसला. किल्लीवाल्याने आईच्या पहिल्या खोकल्यापासून सुरुवात केली. पलीकडे गिऱ्हाइकं आली, आपापल्या हाताने चष्मे लावून बघून निघून गेली. बायको दोघांसाठी डबा ठेवून गेली. रात्र बोलण्यातच सरली आणि रविवारी उपासनेची घंटा वाजली. व्यासपीठावर शास्त्र उघडून ठेवलेलं, पाळकसाहेब दाराकडे बघतायत आणि वाचणाऱ्याचा पत्ता नाही. इकडे किल्लीवाला तेव्हा कुठे त्या शेवटच्या सकाळपर्यंत पोचला होता.

"मग मी तुमच्याकडे धावत आलो," तो म्हणाला.

चष्मेवाला ताडकन उठला. "चला लवकर," तो म्हणाला, आणि दोघं धावतच मागच्या खोलीत गेले. आईची खाट रिकामी होती. ते तिच्या दोन बाजूंना बसले आणि किल्लीवाला रडायला लागला.