‘चार पैसे’ पुन्हा सुरू

रामरावांनी रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबून धरलं. पडद्यावरच्या हिरव्या रेघा शेवटाला जाऊन टेकल्या तरी त्यांनी अंगठा उचलला नाही. आतून दुर्गाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या अगदी समोर, तोंड नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या.

“बारीक करा. पार बसस्टँडपर्यंत आवाज चालला.”

“टीव्हीचाच आवाज फाटलाय,” रामराव म्हणाले. “रंगीत घेतला तवाच म्हणलो होतो, जुना चांगला होता.”

 आवाज फाटलेला हा त्यांच्या घरातला दुसरा टीव्ही होता. त्याआधी रेडिओचा फाटला होता, मग टेलिफोनचा, आणि मारुतीच्या देवळातल्या कर्ण्याचाही. अंबडमधली एकेक वस्तू अशी फाटत गेली, आणि घरात त्याला कोणी हरकत घेतली नाही. दुर्गाबाई कोपरानं केस मागं सारून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

दोन हजार तीन सालच्या जानेवारीतला रविवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. अकरा वर्षं बंद असलेला केळूसकर सरांचा ‘चार पैसे’ हा पैसे गुंतवायला शिकवणारा कार्यक्रम आज दूरदर्शनवर पुन्हा सुरू होत होता. रामराव सहालाच उठून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, जसं काही सर त्यांना तिकडून बघणार होते.

आणि सर आले. तेच केळूसकर सर. केस पांढरे झालेले, गालांची हाडं वर आलेली, पण कोट काळाच आणि हातात खडू. आता सगळीकडे कॉम्प्युटर आले होते, तरी सरांनी आपला फळा सोडला नव्हता. रामरावांना एकदम भरून आलं. गेलेलं माणूस परत दारात उभं राहावं तसं वाटलं.

मग सर बोलायला लागले आणि रामरावांच्या पदरात काही पडेना. नुसती घरघर. अधूनमधून एखादा शब्द वर यायचा, ‘व्याज’ किंवा ‘थांबा’, आणि पुन्हा बुडायचा.

पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी शेजारी पाशामियाँ असत.

रामराव अंबडच्या तहसिलीबाहेर लिंबाखाली बसणारे अर्जनवीस. पक्षकाराचं ऐकून घ्यायचं आणि सरकारला समजेल असा अर्ज लिहून द्यायचा, हा त्यांचा धंदा. अक्षर असं की अव्वल कारकून अर्जावर सही करण्याआधी एकदा नुसतं बघून घेत. त्यांच्याच सतरंजीवर आपलं बस्कर टाकून पाशामियाँ बसायचे. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत, ते वाचणारी माणसं कमी होत चाललेली. शेतकरी पिवळा पडलेला कागद आणायचा, पाशामियाँ तो वाचून मराठीत सांगायचे आणि रामराव लिहून काढायचे. पाशामियाँना मराठी लिपी येत नव्हती आणि रामरावांना उर्दू. त्यामुळे दोघांचं छान चाललं होतं.

रामरावांचे कान केव्हा जायला लागले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण अर्जनवीसाला ऐकू येत नाही असं एकदा बाहेर पडलं, तर त्याच्यापुढं कोण येऊन बसणार? म्हणून त्यांनी ते कोणालाच कळू दिलं नाही. पक्षकाराला ते दोनदा सगळं सांगायला लावत आणि वर म्हणत, सरकारी काम आहे, खात्री केलेली बरी. पाशामियाँचं मात्र पहिल्यांदाच कळायचं. त्यांचं बोलणं सावकाश, आवाज जाड, आणि इतकी वर्षं समोर बसून त्यांच्या ओठांची हालचाल रामरावांना पाठ झाली होती.

पंच्याऐंशी साली रामरावांनी सरकत्या दारांचा काळा-पांढरा टीव्ही घेतला. ‘चार पैसे’ सुरू झाल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी पाशामियाँ हजर. शेअर म्हणजे काय, मुदत ठेव म्हणजे काय, हे सर फळ्यावर मांडून दाखवत. रामराव फळा वाचत आणि पाशामियाँ सरांचं प्रत्येक वाक्य स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हणत, वर आपला शेरा जोडत. शेजारपाजारचे दोन-चार जण सुरुवातीला यायचे, पण या बडबडीला वैतागून बंद झाले. रामराव कधी वैतागले नाहीत. त्यांना अख्खा कार्यक्रम त्या बडबडीतूनच कळत होता. पाच वर्षांत दोघांनी एकही शेअर घेतला नाही, मात्र कोणती कंपनी चढणार यावरून ते असे भांडत की ऐकणाऱ्याला वाटावं यांचीच गिरणी आहे.

एक्याण्णव साली पाशामियाँ मयतीसाठी परभणीला गेले आणि एक गुरुवार चुकला. त्या दिवशी सरांनी फळ्यावर तीन कंपन्यांची नावं लिहिली आणि खाली दोन-दोन रेघा ओढल्या. रामरावांनी रेघा बघितल्या. सर काय म्हणाले ते दुर्गाबाईंना विचारता आलं असतं, पण विचारायचं म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही हे कबूल करायचं. दुसऱ्या दिवशी तहसिलीत, चार पक्षकार बसलेले असताना, पाशामियाँनी विचारलं की काल सरांनी काय सांगितलं. रामरावांनी ती तीन नावं सांगितली. घ्या म्हणालेत.

“बराबर ऐकलं का?”

“माझ्या कानानं ऐकलं,” रामराव म्हणाले होते.

सरांनी खरं तर सांगितलं होतं, या तिघांच्या वाटेला जाऊ नका; ते पुढं कळलं. पाशामियाँनी हजसाठी साठवलेली रक्कम त्यांतल्या एका कंपनीत घातली आणि सहा महिन्यांत त्या कंपनीला कुलूप लागलं. भांडण झालं नाही. एके सकाळी पाशामियाँनी आपलं बस्कर उचललं आणि फाटकाच्या पलीकडच्या लिंबाखाली टाकलं, इतकंच. तेव्हापासून शेतकरी या लिंबाखालून त्या लिंबाखाली आणि तिथून पुन्हा इकडे असे कागद घेऊन हेलपाटे घालू लागले. पुढं कार्यक्रमही बंद पडला. दोघं थकले, घरी बसले, पण बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पाशामियाँचा मुलगा जालन्याच्या स्टील कारखान्यात नीट स्थिरावला आणि त्यानं आईबापांना हजला पाठवलं. जाण्याआधी माणूस घरोघर जाऊन बोलल्या-चालल्याची माफी मागतो. पाशामियाँ वाण्याकडे गेले, तलाठ्याकडे गेले, ज्याच्याशी कोर्टात वाद होता त्याच्याही घरी गेले. रामराव आठ दिवस दाराकडं डोळे लावून बसले होते. पाशामियाँ आले नाहीत. निघायच्या दिवशी बसस्टँडवर हारांची गर्दी झाली, तेव्हा रामराव रसवंतीच्या आडोशाला उभे राहून बघत होते. ज्यानं अख्ख्या गावाची माफी मागितली तो आपल्याकडे आला नाही, म्हणजे आपला गुन्हा माफीच्या पलीकडचा, असं त्यांनी धरून टाकलं. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

पडद्यावर सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि समोर बघून बोलायला लागले. घ्या म्हणत होते की नका म्हणत होते, रामरावांना काही कळेना. ते उठले. पायात चपला सरकवल्या आणि टीव्ही तसाच चालू टाकून बाहेर पडले.

पाशामियाँचं घर पाच मिनिटांवर होतं. या बारा वर्षांत रामराव भाजीलासुद्धा त्या गल्लीतून गेले नव्हते. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते अर्जासारखं मनात मांडून पाहिलं. दोनदा मांडलं, दोनदा खोडलं. दार पाशामियाँच्या बायकोनं, कमरबींनी उघडलं. रामरावांना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या बाजूला झाल्या, पण या म्हणाल्या नाहीत.

पाशामियाँ बाजेवर बसले होते. दाढीला मेंदी, डोक्यावर जाळीची टोपी. समोरच्या टीव्हीत केळूसकर सर फळ्यापुढं उभे होते. दारात कोण आहे हे पाशामियाँनी पाहिलं, पुन्हा टीव्हीकडं पाहिलं आणि म्हणाले,

“फळ्यावर काय लिहिलं?”

रामरावांनी ते वाचून दाखवलं असतं तर तिथून सगळं पुन्हा सुरू झालं असतं. झालं गेलं न काढता पुढं जाता येतं अशा वयाचे दोघं होते. रामरावांना मोहही झाला. पण ते बसले नाहीत.

“आधी माझं ऐका, पाशाभाई. मला ऐकू येत न्हाई. त्या बेस्तरवारी बी ऐकू आलं न्हाई. नुसत्या रेघा बघून मी समजलो, घ्या म्हणून राह्यले. तुम्ही चार लोकांत इचारलं अन् मी कानानं ऐकलं म्हणलो. खोटं बोललो.”

बोलून झाल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. त्यांनी भिंतीला हात टेकला. पाशामियाँनी टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि रामरावांकडं पूर्ण वळले.

“तुम्हाला ऐकू येत न्हाई हे मला मालूम हाय.”

“कवापासून?”

“तुमचा टीव्ही आला त्याच्या आधीपासून. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून लिव्हायचे. मी पान तोंडात धरलं की तुमची कलम थांबायची. म्हणून तर मी पान सोडलं. अन् दर बेस्तरवारी मी काय उगाच बडबडायला येत व्हतो?”

रामराव बाजेच्या कडेला बसले. इतकी वर्षं त्यांनी जे जीव तोडून लपवलं, ते शेजारच्या माणसानं तितक्याच काळजीनं लपवून ठेवलं होतं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि त्यांनी मान वर केली.

“मंग तुम्ही पैसे कशाला घातले?”

पाशामियाँनी दाराकडं पाहिलं. कमरबी तिथंच उभ्या होत्या. त्या जातील म्हणून ते थांबले. त्या गेल्या नाहीत.

“तेच तर,” ते म्हणाले. “त्या तिघांतली एक कंपनी मी आधीच मनात धरल्ती. दोन सालात दुप्पट होतील असं वाटायचं. मला फक्त कुणीतरी घ्या म्हणायला पाहिजे व्हतं. तुम्ही म्हणले. तुम्हाला ऐकू आलं नसंल हे ठाऊक असून घातले. बुडाले तवा तुमचं नाव पुढं केलं. घरात बी हेच सांगितलं, रामरावानं बुडवलं म्हणून.”

त्यांचा आवाज बसला. रामरावांना शेवटचे शब्द नुसते ओठांवरूनच कळले.

“हजला जाताना साऱ्या अंबडची माफी मागितली. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा आल्तो. पाय पुढं पडंना. तिथं जाऊन बी मन तिथं नव्हतं, राव. मला माफ करा.”

“मी काय माफ करू? मीच आल्तो मागायला.”

“पहिली चूक माझी.”

“खोटं मी बोललो ना?”

पाशामियाँनी हात झटकला, रामरावांनी मांडीवर थाप मारली, आणि पहिला मान कोणाचा यावरून दोघं असे जुंपले की पूर्वी गिरण्यांवरूनही जुंपले नसतील. कमरबी पुढं आल्या. बारा वर्षं ज्याच्या नावानं त्यांनी बोटं मोडली, त्या माणसाकडं त्यांनी एकदा नीट पाहिलं. मग पदर सावरला.

“बसा, भाऊ. चाय टाकते,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला म्हणाल्या, “तुमचं मंग बघते.”

चहा येईपर्यंत कार्यक्रम संपला होता. पडद्यावर नावं सरकत होती आणि मग कुठल्याशा साबणाची जाहिरात लागली. सर आज काय म्हणाले, रामरावांनी विचारलं. पाशामियाँ म्हणाले, मला काय ठाऊक, आवाज बंद होता. फळ्यावर काय होतं ते रामरावांनाही आता आठवत नव्हतं. दोघांनी बशीत चहा ओतला. बाहेर गल्लीत कोणीतरी गाडीवर बोरं विकत चाललं होतं. गाडी दिसली म्हणून रामरावांना ते कळलं.

“मी कानाचं मशीन घेतो म्हणून राह्यलो,” ते म्हणाले. “जालन्याला मिळतं.”

हे वाक्य त्यांनी दुर्गाबाईंपुढंसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. म्हणून टाकल्यावर वाटलं, यात इतकं अवघड काय होतं?

“घ्या. बिलकुल घ्या. जल्दी घ्या,” पाशामियाँ म्हणाले. चहा संपवून त्यांनी बशी खाली ठेवली. मग तोंड रामरावांकडं करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

“फक्त आइतवारी साडेदहा ते अकरा मशीन काढून ठेवत जा.”