हाकेतली आई

मार्च उजाडला. कॉर्नवॉलच्या करड्या कड्यांवर कोवळं, कृपण ऊन उतरलं. पीतवर्णी डॅफोडिल वाऱ्यापुढे वाकले, उठले, पुन्हा वाकले. खाली समुद्र पसरला होता, शिशाच्या रंगाचा, शांत, आणि अगदी साळसूद. म्हातारी तामसिन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता कॉर्निश भाषेच्या वर्गाला निघाली.

गेल्या शरदात ह्याच समुद्राने तिचा जोरी नेला. एकुलता एक. नाव परतली नाही, देहही नाही. पणज्यांच्या ओठांवर विझलेल्या कॉर्निशचं जोरीला भारी वेड. मासेमारीला निघताना, नाव धक्क्यापासून सुटताना तो वळून ओरडला होता, ‘अ वाम!’ आणि ती हसत ओरडली होती, ‘अरे, माणसांच्या भाषेत बोल की!’

बस्स. तेवढंच शेवटचं.

वाम. वाम. हिवाळाभर ती तो शब्द शोधत होती. कोशातली ‘व’ची पानं मोजकीच, ती तिने बोटांनी झिजवली. वाम कुठेच नव्हता. म्हणून तर ह्या वयात ती मुळाक्षरं गिरवायला बसली.

आज तरुण केरेन्झाबाईंनी वेल्सच्या पालक संताची, डेव्हिडची कथा वाचायला घेतली. शिकणाऱ्यांसाठी सोपी केलेली. मेघ गर्जत होते, वीज कडाडत होती, आणि कड्यावर त्याची आई नॉन एकटीच प्रसववेदनांनी तळमळत होती. तिने शिळा कवटाळली, आणि शिळा द्रवली. पाषाणावर तिची बोटं उमटली. बाळ जन्मलं. पुढे तो बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याचा शब्द दूरवर पोचावा म्हणून सपाट भूमी त्याच्या पायांखाली टेकडी होऊन उचलली गेली. पण त्याआधी, लहान असताना, खांद्यावर शुभ्र कपोत घेऊन तो धावत आला आणि त्याने हाक मारली, ‘अ वाम!’

‘वाम म्हणजे?’ तामसिनचा आवाज चिरकला.

‘आई. मूळ शब्द माम. हाक मारताना ‘म’चा ‘व’ होतो. नवखे सगळे तिथेच फसतात, तामसिनबाई. कोशात ‘म’मध्ये बघायचं.’

आपल्याकडे मराठीत हाकेने शब्दाचं शेपूट बदलतं, मुलगा मुला होतो. त्यांच्याकडे तोंडच बदलतं. आईला हाक मारली, की आई ओळखू येत नाही. आणि तामसिनला तर ती स्वतःच ओळखू आली नव्हती.

‘आणि मुलगा?’

‘माब. हाकेत, अ वाब.’

ती धक्क्यावर गेली. जोरी गेल्यापासून पहिल्यांदाच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, आणि सारा ऊर रिता करत तिने हाक मारली, ‘अ वाब!’

भूमी उचलली गेली नाही. शब्द चार लाटांपलीकडेही गेला नाही.

तिने धक्क्याचा दगड दोन्ही हातांनी आवळला, नखं तुटेपर्यंत आवळला. मग हळूच हात काढून पाहिलं. दगडावर काहीच उमटलं नव्हतं.