रसिकाने चेंडू का टाकला नाही

मुले ऐकत नाहीत, ही तक्रार आपल्या घरांत आणि शाळांत नित्य कानी पडते. मुले फारच ऐकतात, अशी तक्रार घेऊन कोणी आलेले निदान माझ्या ऐकिवात नाही. भाईंदरच्या एका शाळेतील क्रीडाशिक्षक शिवदास म्हात्रे यांना तर आपल्या लॅक्रोस संघाच्या आज्ञाधारकपणाचा अभिमान होता.

हा खेळ आपल्याकडे नवा. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि त्याच काठीने गोलात टाकायचा. चेंडू मिळाल्यापासून तीस सेकंदांत गोलावर फेक झाली नाही, तर तो प्रतिपक्षाला द्यावा लागतो. म्हणून सरांनी आक्रमणाच्या नऊ चाली बसवून त्यांना आकडे दिले होते. ते रेषेबाहेरून "चार!" म्हणून ओरडत आणि मुली ठरल्या जागी धावत. बहुतेक चालींच्या शेवटी चेंडू दिव्याकडे जाई, कारण तिचा नेम पक्का.

रविवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता; जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. शनिवारच्या सरावात मुख्याध्यापिकांनी बोलावले म्हणून सर दोन मिनिटे आत गेले. परत येताना ते फाटकातच थबकले. गोलरक्षक घसरून पडली होती. मोकळ्या गोलापासून चार पावलांवर रसिका जाळीत चेंडू घेऊन उभी होती. जवळ कोणी नव्हते. तरी ती हलत नव्हती, आणि बाकीच्याही जागच्या जागी उभ्या होत्या. राखीव मुलगी सेकंद मोजत होती : अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"रसिका, गोल मोकळा दिसला नाही का तुला?"

"दिसला, सर. पण तुम्ही आकडा नव्हता दिला."

"त्याला आकडा कशाला लागतो?"

"दिवाळीआधी मी असाच टाकला होता. गोल झाला, तरी तुम्ही मला बाहेर बसवलंत. बोललात, गोल नको, शिस्त पाहिजे."

"तेव्हापासून सर गेले की आम्ही स्टॅच्यू," दिव्या हसत म्हणाली.

सरांना हसू आले नाही. तो प्रसंग त्यांना आठवतसुद्धा नव्हता.

संघातल्या आपल्या नातीला नेण्यासाठी उत्तनहून आलेले धाकूकाका हे सारे ऐकत होते. चाळीस वर्षे त्यांनी मासेमारीची बोट चालवली होती.

"मास्तर, पोरीला बोलू नका. ती तुमचंच ऐकतंय."

"काका, बोटीवर हुकूम तुमचाच चालायचा ना?"

"कुठं जायाचं, त्यो हुकूम माझा. पन लाट कुठल्या अंगानं आली, ते जो तिथं उभा हाय त्यालाच पैलं कळतं. त्यो माझं तोंड बघत रायला, तर पान्यात जाईल."

"उद्या सामना आहे. आज चाली सोडल्या तर आम्ही हरू."

"हराल. मी कुठं न्हाय म्हनतंय? पन आकड्यांनी जिंकता ते तुमी. पोरी कुठं खेलतात?"

सरांनी मुलींना जवळ बोलावले. "उद्या आकडे नाहीत. जिच्याकडे चेंडू, तिच्या मदतीला धावा. गोल मोकळा दिसला की टाका."

"चुकला तर?" रसिकाने विचारले.

"चुकू दे. तुला बाहेर बसवलं, ती माझी चूक होती."

शिक्षक चूक कबूल करतात, हे मुलींनी प्रथमच पाहिले.

रविवारी रसिकाची पहिली फेक गोलावरून दूर गेली. तिने बाकाकडे पाहिले, काठी खाली केली आणि कोणी न सांगता ती मैदानाबाहेर चालू लागली. सर रेषेपर्यंत धावले. इतके खोलवर आपण शिकवले?

"रसिका, कुठे चाललीस? आत जा, खेळ."

संघ एका गोलाने हरला. त्या वर्षीची राज्य स्पर्धा हुकली. मात्र मुलींच्या सहा गोलांपैकी दिव्याचे दोनच होते, आणि शेवटचा गोल टाकताना रसिकाने बाकाकडे पाहिले नव्हते.

नागरिकहो, शिस्त हवीच. पण जी शिस्त मुलाला डोळ्यांसमोरचे दिसत असूनही हात उचलू देत नाही, ती शिस्त नव्हे, भीती होय. एका चुकीनंतर आपणहून बाहेर चालू लागणारे मूल आपल्याही घरात असेल. त्याला हाक मारा आणि परत खेळायला पाठवा.