बोरन्हाणाला लपवलेले बूट

मित्रांनो, मी एक जुनी बुटांची जोडी आहे. दोन चिमुकले चामडी बूट आणि त्यांना धरून ठेवणारी एक लोखंडी दांडी, एवढाच माझा देह. रूपाचं म्हणाल तर आनंदच आहे. मला घालून कुणी लग्नाकार्यात मिरवत नाही.

नागपूरच्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि सिंदी मेघे या गावी चंदन नावाच्या बाळाच्या घरी आले. चंदन जन्मला तोच सांधे आखडलेले आणि दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन. असं क्वचितच एखाद्या बाळाला होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घालून घालून पावलं सरळ केली आणि ती तशीच राहावीत म्हणून माझी नेमणूक झाली. हे बूट काढले तर पाय पुन्हा वळतील, असं त्यांनी चंदनच्या आईला, रुचिकाला, बजावलं होतं.

पण आजीला, वच्छलाबाईंना, माझी लाज वाटे. दारात कुणी आलं की त्या माझ्यावर दुपटं ओढत. हळूहळू मलाही माझी लाज वाटू लागली.

संक्रांत आली. चंदनचं बोरन्हाण ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळी आळी येणार.

"पोराले बेड्या घातल्यावानी दिसते. आजच्या दिवस काढ," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आई, डॉक्टर नाई म्हणले ना."

"लोकं काय म्हनतीन? एका दिवसानं काय होते?"

रुचिकाने मला बाळाच्या पायांतून काढलं आणि मी दिवाणात, चादरींखाली गेले. बाहेर बोरं सांडल्याचा आवाज आणि पोरांचा गलका चालला होता.

बोरन्हाण एका दिवसाचं, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. रोज संध्याकाळी बायका येत राहिल्या आणि माझी सुटका लांबत गेली. शेवटी मला दिवाणातून बाहेर काढलं, तेव्हा चंदनची पावलं माझ्यात बसेनात. ती पुन्हा आत वळली होती. रुचिका घालून पाहत होती, बाळ कळवळत होतं. वच्छलाबाईंचं तोंड एवढंसं झालं.

पुन्हा प्लास्टर, पुन्हा रडारड. प्लास्टर निघालं की लगेच घालता यावी म्हणून वच्छलाबाई मला पिशवीत घेऊन दवाखान्यात येत. एकदा बाकावर सेलू गावाहून आलेली रीना नावाची एक बाई शेजारी बसली. मांडीवरच्या बाळाचे पाय तिने पदराखाली घट्ट झाकले होते.

वच्छलाबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि सगळ्यांसमोर मांडीवर ठेवलं.

"झाकू नोको व बाई," खाली मान घालून त्या म्हणाल्या. "लाजंपायी म्या माह्या नातवाचे हे बूट लपवले. त्याच्या पायाईले पुन्हा प्लास्टर लागलं."

रीनाने पदर सैल केला, पण थोडासाच. समोरची माणसं अजून बघत होती.

मित्रांनो, मला कौतुक नको. पण एखादं बाळ माझ्यासारखे बूट घालून दिसलं, तर डोळे फाडून पाहू नका. त्याच्याशी खेळा. तुम्ही टक लावता म्हणून मोठी माणसं मला लपवतात, आणि भोगावं लागतं त्या बाळाला.