हिरव्या लुगड्याचा पदर

आरतीनं पदर कापला तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं. जुन्या साड्या, झबली, आजोबांचे फेटे यांचे तुकडे चौकटीत ताणून ती भिंतीवर लावायच्या शोभेच्या वस्तू करायची. अवसरीच्या कॉलेजातल्या मुली हौसेनं आजीची आठवण बनवून घ्यायच्या, मग घरच्या म्हातारीनंच काय घोडं मारलं होतं? सासूबाई प्रयागबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आज पट्टी सुटणार होती. घरी आल्या आल्या खाटेसमोर आपलंच लुगडं दिसावं, म्हणून आरतीनं न विचारता त्यांची पेटी उघडली. तळाशी एक हिरवं नऊवारी होतं, घडीसुद्धा न मोडलेलं. नेसतच नाहीत तर कापायला काय हरकत, असं बाईसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं.

दुपारी चौकट भिंतीवर चढली आणि नारायणगावहून तिच्या नवऱ्याचा, संपतचा फोन आला.

"आईची पट्टी सुटली. म्हणतीय, पेटीतलं हिरवं लुगडं उन्हात घाल, कसर लागंल."

"कुठलं हिरवं?" आरतीनं विचारलं खरं, पण तिची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली होती.

"सावळेराम मामानं आणल्यालं. तिला शेवटाला नेसवायचं ते. पाचला पोचतो आमी."

बाई गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवतात. प्रयागबाईंचं माहेर घाटघरचं. भावाला मूलबाळ नव्हतं. आपण आधी गेलो तर बहिणीला लुगडं कोण आणील, या काळजीनं सावळेरामनं ते हयातीतच आणून दिलं, आणि गेल्या वर्षी तो खरंच आधी गेला. घराला कुलूप लागलं. आता तिथून दुसरं लुगडं येणं नव्हतं. आरतीला स्वतःचा असा संताप आला की कात्री तिनं अंगणात भिरकावली.

मग जी बुद्धी सुचू नये नेमकी तीच सुचली. स्कूटी काढून तिनं मंचरला माणिकचंद शेठचं कापडदुकान गाठलं.

"वहिनी, असलं लुगडं आता नेसतं कोण?" म्हणत शेठनी गठ्ठ्याच्या तळातून जवळपास तसंच हिरवं काढलं. काठ जरा रुंद होता. म्हातारीला कुठं कळतंय! घरी येऊन आरतीनं ते पेटीत ठेवलं, चौकट उतरवली, उरलेल्या कापडासकट खाटेखाली ढकलली. तोवर दारात रिक्षा थांबली.

काळा चष्मा लावलेल्या प्रयागबाई घरभर बघत आत आल्या. "लई लख्ख दिसतंय गं," म्हणाल्या आणि चहापाणी राहिलं बाजूला, सरळ पेटीपाशीच बसल्या. लुगडं मांडीवर घेतलं. काठावरून सावकाश बोट फिरवलं.

"आरती, मी गेले का तुज्याच हातानं हे नेसव. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको. माज्या भावाचंच हाय न्हवं हे?"

नुसतं होय म्हटलं असतं तरी भागलं असतं. जन्मात कुणाला कळलं नसतं. पण जीभच उचलेना.

"न्हाई, आत्या. हे दुकानातलं हाय. मामांचं मी कापलं."

संपत ताडकन उठला. प्रयागबाईंनी त्याला हातानंच खाली बसवलं. त्या ओरडल्या असत्या तर आरतीला सोसलं असतं.

"आन ते."

आरतीनं सगळं समोर ठेवलं. चौकटीकडे त्यांनी पाहिलंही नाही. उरलेलं कापड कोपरापासून बोटांपर्यंत लावत त्या मोजत गेल्या. सोळा हात भरलं.

"आठ वार हाय की."

"पदरच गेला, आत्या."

"मेलेल्या बाईला पदर कशाला? कुणाची लाज धरायची असती तिला?" त्यांचा आवाज चिरकला. "बोट लावलं तवाच कळलं व्हतं, हे त्याचं न्हाई. पर नेसवशील तवा मी थोडीच बघणार हाय? तवा तू काय करशील, ते आज बघून घेतलं."

आरती तिथंच बसून हुंदके देऊन रडली. प्रयागबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. आठ वारांची नीट घडी घातली आणि ती तिच्या हातात दिली.

"हे आता तुज्या कपाटात ठेव."