‘क’ नळी

बाईंनी इन्क्युबेटरचं दार उघडलं, निरोगी पेशींच्या ताटल्या स्वतःच बाहेर काढल्या आणि मुंगीकडे न बघता म्हणाल्या,

"आजपासून यांना मी एकटीच हात लावणार."

मुंगीनं हातमोजे उतरवले. प्रयोगशाळेतल्या या मदतनीस मुलीचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत.

"बरं," एवढंच बोलून ती बाटल्या धुवायला गेली. बाईंना तेच खुपलं. मनात काही नसेल तर माणूस निदान ‘का’ तरी विचारतो.

परजीवी जंतू माणसाच्या पेशीत शिरला की पेशीला आपल्या तालावर नाचवतो. तिची गप्प असलेली जनुकं जागी करतो, कामातली झोपवतो. कोणती जनुकं जागी होतात, हे शोधण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. तुलनेला निरोगी पेशी लागत. त्यासाठी संस्थेतलीच माणसं रक्त देत. ते मुंगी काढे आणि नळीवर नावाऐवजी एक अक्षर लिही. आता या निरोगी पेशींतही नेमकी तीच जनुकं जागी दिसत होती. पाणी कुठंतरी मुरत होतं. ताटल्यांची अदलाबदल झाली असणार, आणि ती चुकून झाली असेल असं बाईंना वाटेना. समोरच्या प्रयोगशाळेतले सर याच विषयावर काम करत होते, आणि मुंगी हल्ली त्यांच्या दारात दबक्या आवाजात बोलताना दिसे. बाई जवळ आल्या की बोलणं तुटे.

बाईंनी फ्रीजला कुलूप घातलं. घरी फोनवर धाकट्या बहिणीला हे सांगितलं तर ती हसली.

"बरं झालं, ताई, तुला सून नाही."

पूर्ण प्रयोग बाईंनी पुन्हा एकहाती केला. बाकीच्या नळ्या स्वच्छ निघाल्या. ‘क’ नळीतली जनुकं मात्र पुन्हा जागी. ताटल्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलाच नव्हता. त्यांनी मुंगीला बोलावलं.

"‘क’ कुणाचं रक्त आहे?"

"नाव सांगायचं नाही, हा तुमचाच नियम आहे, बाई."

"मला नियम शिकवू नकोस. समोरचे सर काय पढवतात तुला?"

मुंगीनं डावा अंगठा मुठीत दाबून धरला.

"माझं आहे. परजीवी भरलेली सुई टोचली होती. पुढं काहीच झालं नाही, म्हणून वाटलं, निभावलं. रक्त देणारा एक माणूस आला नाही तेव्हा मीच दिलं. आकडे बघितले तेव्हा कळलं. सरांना औषधाचं विचारत होते."

"मग मला सांगता येत नव्हतं?"

"माझ्या आधीच्या मुलीनं सांगितलं होतं की तुम्हाला."

सुई टोचली म्हणून त्या मुलीला बाईंनी निष्काळजी ठरवून त्याच आठवड्यात घरी बसवलं होतं. त्यांनी पर्स उचलली.

"चल."

दवाखान्यात डॉक्टरांनी मुंगीच्या मानेतल्या गाठी चाचपल्या, तपासण्या सांगितल्या, औषध लिहून दिलं.

"बरी होशील. पण टोचली तेव्हाच यायला हवं होतंस." मग ते सहज बाईंकडे वळले. "तुम्हीही याच कामात ना? तुम्हाला कधी टोचली का सुई?"

"छे. मला कशी टोचेल?"

उत्तर जरा घाईनंच आलं. औषधाचा कागद दुमडता दुमडता मुंगी थांबली. तिनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या हातांकडे, बोट न् बोट निरखून.

बाईंनी पर्स ओढली आणि हातांवर घेतली.